चपट्या बुडाची की निमुळत्या बुडाची? आमच्या होडीची गोष्ट



आज आम्ही तुमच्याशी होडीबद्दल बोलणार आहोत. हसू आलं ना? विटा म्हटलं की कुणाला यंत्रमाग आठवतो, कुणाला सोन्याचांदीची गलाई आठवते, आणि आपल्यासारख्या बायकांना आठवते ती टँकरमागची घागरींची रांग. त्या विट्याच्या बायका होडी घ्यायला निघाल्या म्हटल्यावर आमच्या घरातलीसुद्धा हसली. एका सासूबाईंनी तर विचारलं, "अगं, होडी ठेवणार कुठं? गोठ्यात?"

पण दिवस बदललेत. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायला लागले, ते टप्प्याटप्प्यानं चढत खानापूर, आटपाडीच्या माळावर आलं. आपल्याकडचे तलाव, जे पूर्वी संक्रांतीनंतर तळ दाखवायचे, त्यांतल्या काहींत आता उन्हाळ्यातही पाणी दिसतं. पाणी आलं की मागोमाग मासा येतो. आमच्या गावच्या तलावातही कटला, रोहू, मृगलची बोटुकली सोडली. आम्ही बारा जणींचा बचत गट. तलावाच्या कामात आम्ही शिरलो त्याला आता तीन वर्षं झाली.

पहिली दोन वर्षं आमच्याकडं होडी नव्हती. जाळं लावायला आणि उचलायला बाहेरचा माणूस यायचा, ट्यूब आणि थर्माकोलच्या तराफ्यावर बसून. त्याच्या कष्टाबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण निम्मा मासा त्याचा, निम्मा आमचा. शिवाय तो येईल तेव्हाच जाळं निघणार. विट्याच्या बाजाराचा दिवस टळून गेला की मासा पडून राहायचा आणि मातीमोलानं जायचा. आमच्या निम्म्या घरांतले पुरुष गलाईच्या धंद्यात, कुणी केरळात, कुणी दिल्लीला, कुणी आणखी कुठं. ते दिवाळीला किंवा जत्रेला येणार. तेव्हा जाळं उचलायचं तर ते आपणच, आणि त्यासाठी होडी आपली हवी, हे ठरलं. गटाची शिल्लक आणि वर थोडं कर्ज, असा हिशेब केला.

मग खरा प्रश्न आला. होडी कुठली?

आम्हाला दोन होड्या दाखवल्या. दोन्ही फायबरच्या, दोन्ही बारा फूट लांब. एकीचं बूड चपटं, परातीसारखं. दुसरीचं बूड मधोमध निमुळतं होत खाली गेलेलं, नांगराच्या फाळासारखं. विकणारे पहिलीला 'फ्लॅट' म्हणत, दुसरीला 'व्ही'. दुसरी दिसायला देखणी होती, पुढचं तोंड उंच, निळा रंग, आणि किंमत पहिलीच्या दीडपट. खरं सांगायचं तर आम्ही बहुतेक जणी तिच्यावरच भाळलो. होडी म्हणजे अशीच असते, असं सिनेमात बघितलेलं. एकीच्या दिरांनी केरळातून फोन करून सांगितलं, "वैनी, निमुळतीच घ्या. इकडं समुद्रात सगळे तीच वापरतात."

त्यांचं म्हणणं समुद्रापुरतं खोटं नव्हतं. निमुळतं बूड लाट कापत जातं. चपटं बूड लाटेवर आपटतं, थाड थाड वाजतं आणि आतल्या माणसाची हाडं खिळखिळी करतं. समुद्रावर लाट रोजची, तेव्हा तिथं निमुळतं बूड कामाचं. पण आमच्या गटात एक आक्का आहेत, त्यांनी साधा प्रश्न विचारला. "आपल्या तलावात लाट असते किती दिवस? आणि पाणी असतं किती खोल?" तेव्हा आम्ही पहिल्यांदा होडीकडून नजर काढून तलावाकडं बघितलं.

मैत्रिणींनो, घरच्या घरी एक गंमत करून बघा. हौदात किंवा मोठ्या टपात पाणी घ्या. त्यात एक परात सोडा आणि एक गोल बुडाची कढई सोडा. आता दोन्हींच्या काठावर बोटानं जरा दाब द्या. कढई लगेच कलते, बोट काढलं की डुलत डुलत परत सरळ होते. परात तशी कलत नाही, ती घट्ट बसल्यासारखी वाटते. पण दाब वाढवत नेलात आणि परातीचा काठ एकदा पाण्याखाली गेला, की ती क्षणात भरते आणि खाली जाते. सावध करायला ती वेळच देत नाही.

होडीचं असंच आहे. निमुळत्या बुडाची होडी सुरुवातीला जास्त डुलते, पाय ठेवला की भीती वाटते. पण काठ उंच असेल आणि वजन खाली असेल तर बरीच कलूनही ती परत सावरते. चपट्या बुडाची होडी आधी हलतच नाही, म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि हद्द ओलांडली की ती एकदम दगा देते. दोन्हींत धोका आहे, फक्त त्याची जागा वेगळी आहे. हे आम्हाला समजलं तेव्हा निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट वजनाची. बारा फूट लांब आणि चार फूट रुंद चपटी होडी धरा. दोन्ही टोकं थोडी निमुळती असतात ते सोडून देऊ. अशी होडी एक इंच खाली जायला साधारण शंभर किलो वजन लागतं. होडीचं स्वतःचं वजन, आम्ही चौघी, ओलं जाळं आणि मासे मिळून पाचशे किलोच्या आत बसतं. म्हणजे ती जेमतेम पाच इंच बुडते. तेवढंच वजन निमुळत्या होडीत घातलं तर खालचा भाग अरुंद असल्यामुळं ती कितीतरी जास्त खोल जाते, आणि मधला कणा आणखी खाली. आमच्या तलावाच्या कडेला फेब्रुवारीपासून गुडघाभर पाणी असतं, त्याखाली चिखल आणि त्यात वेड्या बाभळीची खोडं. खोल बुड असलेली होडी तिथं रुतणार नाही तर अडकणार.

तिसरी गोष्ट रुंदीची. ही आम्हाला सांगितली ती एका निवृत्त शिक्षकांनी. लांबी तीच ठेवून होडीची रुंदी दीडपट केली, तर तिचा कलण्याला होणारा विरोध ढोबळमानानं तिपटीहून जास्त वाढतो. म्हणून चपट्या बुडाच्या होड्यांतही अरुंद आणि रुंद यांत मोठा फरक पडतो. नुसतं 'फ्लॅट आहे' यावर भागत नाही. टेप घेऊन जा, पाण्याला टेकते तिथली रुंदी मोजा.

हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही विकणाऱ्यांना म्हणालो, "दोन्ही होड्या तलावावर आणा. पाण्यात घालून बघितल्याशिवाय पैसे नाहीत." एक जण कुरकुरला, पण टेंपोतून दोन्ही आल्या. आम्ही वाळूनं भरलेली पोती तयार ठेवली होती, माशाच्या वजनाच्या बदल्यात. आणि रोजचं जे काम, तेच दोन्हींत करून बघितलं.

आधी जाळं. आमचं जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. ते उचलायचं म्हणजे होडीच्या एका काठाशी उभं राहून, वाकून, हातावर हात घेत ओढायचं. सगळा भार एका बाजूला येतो. निमुळत्या होडीत दोघी त्या काठाला गेल्या की ती अशी कलायची की तिसरीला दुसऱ्या बाजूला जाऊन बसावं लागायचं. चपटीत दोघी वाकल्या तरी काठ थोडाच खाली गेला. मग कडेचं पाणी. निमुळती कडेपासून बरीच आधी चिखलात टेकली, उतरून ढकलावी लागली. चपटी जवळजवळ कोरड्यापर्यंत आली. मग ओढणं. चपटी आम्ही सहा जणींनी चिखलावरून सरकवत वर आणली. निमुळती एका अंगावर कलंडली आणि कणा दगडावर घासला.

वाऱ्यात मात्र निमुळती जिंकली. दुपारी वारा सुटला तेव्हा तिला वल्ह्यानं सरळ नेता आलं. चपटी परातीसारखी आडवी वाहत गेली. आम्ही वल्हं मारतोय पुढं आणि होडी जातेय बाजूला. हेही आम्ही वहीत लिहून ठेवलं. चपटी घेतली तर वाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता.

संध्याकाळी बांधावर बसून बोलणं झालं. अकरा जणींचं मत चपटीकडं झुकलं. एक काकी गप्प होत्या. त्यांचं माहेर कृष्णाकाठचं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या सोयीचं बोलताय. उलटली तर काय, ते कुणी बोलेना."

मैत्रिणींनो, 2019 च्या ऑगस्टमधला महापूर आपण कुणीच विसरलेलो नाही. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसांना बाहेर काढताना बोट उलटली. बायका, लेकरं, म्हातारी माणसं गेली. ती पोटं भरायला निघाली नव्हती, जीव वाचवायला निघाली होती. काकींनी त्या दिवसांत माहेरी पाणी बघितलेलं. पूर आला की गुळाची काहील पाण्यात घालून माणसं पलीकडं नेतात, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. काहिलीचं बूडही चपटंच. त्या म्हणाल्या, "चपटीत माणूस निर्धास्त होतो. निर्धास्त झाला की आणखी एक जण चढतो. मग आणखी एक."

कुणीच काही बोललं नाही बराच वेळ. आमच्यात पोहता येणाऱ्या तिघीच. बाकीच्या आम्ही विहिरीच्या काठावर वाढलेल्या, पण पाण्यात उतरायची मुभा भावांना होती, आम्हाला नव्हती. तलावाच्या मधोमध वीसेक फूट पाणी असतं तेव्हा होडीचं बूड कसं आहे याच्यापेक्षा, होडी भरली किंवा उलटली तर आपण तरंगणार कशा, हा प्रश्न मोठा.

काकींच्या त्या बोलण्यामुळं आमची खरेदी सुधारली. आम्ही चपटीच घेतली. पण विकणाऱ्याकडून चार गोष्टी करून घेतल्यावरच.

पहिली, होडीच्या दोन्ही टोकांना हवेचे बंद कप्पे. होडी पाण्यानं काठोकाठ भरली तरी बुडू नये आणि तिला धरून लटकता यावं म्हणून. ते आहेत असं तोंडी सांगून चालत नाही. आम्ही कडेच्या कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम भरून बघितली. ती तरंगली, तेव्हाच मान्य केलं.

दुसरी, बुडाखाली लांबीच्या दिशेनं दोन पट्ट्या बसवून घेतल्या, मागच्या बाजूला जरा उंच. त्यामुळं वाऱ्यात ती आडवी कमी वाहते. निमुळतीइतकी सरळ जात नाही, पण पूर्वीपेक्षा खूप बरी. चिखलावरून ओढताना घासही त्या पट्ट्या सोसतात.

तिसरी, काठ थोडे बाहेर झुकलेले आणि अठरा इंच उंच. होडी कलली की बाहेर झुकलेला काठ पाण्यावर टेकतो आणि तिला उचलून धरतो.

चौथी गोष्ट काकींनी स्वतः केली. काठापासून एक फूट खाली, होडीच्या चारी अंगांना लाल रंगाची रेघ ओढली. वजन कितीही असो, माणूस कोणीही असो, लाल रेघ पाण्याखाली गेली की होडी सुटणार नाही. हिशेब सोपा आहे. एक फूट काठ वर राहिला म्हणजे होडी सहा इंचच बुडली, म्हणजे एकूण वजन सहाशे किलोच्या आसपास. आम्ही चौघी आणि मासे त्यात बसतो. पाचवी बसत नाही. एकदा गावातले एक पुढारी फोटो काढायला होडीत चढले, सोबत तिघे. काकींनी रेघ दाखवली आणि दोघांना उतरवलं. त्या दिवसापासून आमची रेघ गावभर माहीत झाली.

लाइफ जॅकेटही आम्ही चार घेतली. ती घातल्यावर साडी गोळा होते, उकडतं, काही जणी कुरकुरतात. पण नियम असा की जॅकेट नाही तर पाय होडीत नाही. होडीत साडीचा काष्टा मारायचा नाहीतर सलवार कमीज घालायचा, हेही ठरवलंय. पदर वल्ह्यात अडकलेला आम्ही बघितलाय.

एक चूक मात्र आमच्या हातून झालीच, ती लपवणार नाही. दुसऱ्याच महिन्यात एका सकाळी जाळ्यात मोठा कटला लागला. आनंदाच्या भरात तिघी एकाच काठाला धावल्या. काठ पाण्याला टेकला आणि भसकन पाणी आत आलं. होडीत आलेलं पाणी नुसतं वजन वाढवत नाही. ते कललेल्या बाजूला धावतं आणि होडीला आणखी कलवतं. चपट्या बुडात तर ते सरळ या टोकाहून त्या टोकाला जातं, अडवायला काही नाही. मोकळे पडलेले मासेही तसेच घसरतात. वल्ह्यावर बसलेल्या आक्का ओरडल्या, "खाली बसा, सगळ्या खाली बसा!" बसलो म्हणून वाचलो. उभं राहिलं की वजन वर जातं, खाली बसलं की होडी सावरते, हे त्या दिवशी अंगानं कळलं. त्यानंतर मासे मोकळे टाकणं बंद. क्रेटमध्ये भरायचे, क्रेट मधोमध ठेवायचे. पाणी उपसायला दोन डबे दोरीनं बांधून ठेवलेत. आणि जाळ्याला दोघीच, तिसरी कायम पलीकडच्या बाजूला, मासा कितीही मोठा असो.

वाऱ्याचा नियम वेगळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं वळीव कसा येतो तुम्हाला माहीत आहे. दुपारपर्यंत पान हलत नाही, मग पश्चिमेला काळं होतं आणि धुळीसकट वारा उठतो. त्या वाऱ्यात आमची होडी चांगली नाही, हे आम्ही मान्य केलंय. म्हणून उन्हाळ्यात जाळं पहाटे उचलायचं आणि दहाच्या आत काठाला यायचं. ढग दिसले की मासा राहिला तरी चालेल.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, आमच्या गावचा तलाव वेगळा. बरोबर आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात येरळवाडीचं धरण आहे, त्यापलीकडं कोयनेचा शिवसागर जलाशय. शिवसागर खोल, लांबलचक, डोंगरातून वारा सरळ पाण्यावर उतरतो. तिथं लांबचा पल्ला मारायचा तर निमुळत्या बुडाची होडी शहाणपणाची ठरेल. मालवणकडं होडीच्या एका अंगाला आडव्या दांड्यांनी लाकडाचा ओंडका बांधतात, त्याला उलांडी म्हणतात. त्यामुळं अरुंद होडीसुद्धा उलटत नाही. ज्याच्या त्याच्या पाण्यानं ज्याला त्याला होडी शिकवलीय. आमची होडी बघून तशीच घेऊ नका.

घ्यायच्या आधी एवढं बघा. तुमच्या तलावात मे महिन्यात कडेला किती पाणी असतं? तळाला दगड आहेत, चिखल आहे की खोडं? वारा कोणत्या वेळी आणि कुठून येतो? होडीत उभं राहून काम करायचं की नुसतं पलीकडं जायचं? किती जणी, किती वजन? होडी रोज पाण्यातच राहणार की ओढून वर आणायची, आणि ओढणार कोण? या प्रश्नांची उत्तरं विकणाऱ्याकडं नसतात, ती तुमच्याकडंच असतात.

पैशाबद्दलही थोडं. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांसाठी खर्चाच्या साठ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवली गेली. सध्या काय चालू आहे, कोणत्या होडीला आणि जाळ्याला मिळतं, हे सांगलीच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. गटाचा ठराव आणि बँकेचं पासबुक सोबत न्या. अनुदानात बसते म्हणून चुकीची होडी मात्र घेऊ नका.

आमचं कर्ज अजून फिटलेलं नाही. पण मासा आता पूर्ण आमचा, आणि बाजाराच्या दिवशी पहाटे जाळं आमच्या हातानं निघतं. या उन्हाळ्यात उरलेल्या नऊ जणी पोहायला शिकतायत. गावातल्याच एका विहिरीत, कमरेला डबा बांधून. ज्या सासूबाई होडी गोठ्यात ठेवणार का म्हणाल्या होत्या, त्या रोज काठावर बसून मोजतात, आज कोण किती हात मारतंय ते.

काकींची लाल रेघ दर पावसाळ्याआधी नव्यानं रंगवतो. या वर्षी रंग आम्ही सगळ्यांनी मिळून लावला.